केरोपंत छत्रे आणि चार अंशांचा फरक

केरोपंत छत्रे हे नाव आजच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेच तर ते लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून. शिष्य फार मोठा झाला की त्याच्या चरित्रात गुरूला एक-दोन ओळी मिळतात आणि तेवढ्यावरच त्याची बोळवण होते. केरोपंतांचे तसेच झाले आहे. वास्तविक या गृहस्थांनी जे काम अंगावर घेतले होते त्याचा संबंध घरोघरच्या सणावारांशी, उपासतापासांशी, आणि आमच्या धानपट्ट्यातल्या पोळ्याशीही पोहोचतो. काम गणिताचे होते. पण ते गणितात अडले नाही. नवे गणित लोकांच्या जुन्या वहिवाटीशी जुळवायचे कसे, आणि वर्षानुवर्षे ते करीत राहण्याचा भार कोणी उचलायचा, या दोन ठिकाणी ते अडले. म्हणून केरोपंतांचे चरित्र मी येथे याच अंगाने सांगणार आहे. त्यांच्या इतर गुणांविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण ते काम दुसऱ्या कोणी करावे.

केरोपंतांचे मूळ नाव विनायक. वडिलांचे नाव लक्ष्मण. जन्म १६ मे १८२४ रोजी अष्टागरातील नागाव या गावी, म्हणजे अलिबागजवळ झाला. मराठीत मुलांसाठी पहिली पुस्तके लिहिणारे सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे हे याच घराण्यातले. केरोपंतांचे शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये झाले. तेथे बाळशास्त्री जांभेकर शिकवीत होते आणि गणित व पदार्थविज्ञानासाठी ऑर्लेबार नावाचे इंग्रज प्राध्यापक होते. कुलाब्याची वेधशाळाही या ऑर्लेबारसाहेबांच्या ताब्यात होती. त्यांच्या हाताखाली १८४० च्या सुमारास केरोपंतांना तेथे नोकरी मिळाली. तेव्हा त्यांचे वय सोळा-सतरा. म्हणजे आपल्याकडे मुले अकरावीत असतात तेवढे.

वेधशाळेतले काम ऐकायला मोठे वाटते, पण करायला कंटाळवाणे. चुंबकसूची किती हलली, हवेचा दाब किती झाला, उष्णता किती, हे नेमलेल्या वेळी पाहायचे आणि वहीत मांडायचे. रात्र असो, पाऊस असो, वेळ चुकवायची नाही. मला वाटते, केरोपंतांच्या पुढच्या सगळ्या कामाचे बी या वहीत आहे. आकाश पुस्तकात काय म्हणते ते नव्हे, तर यंत्रात काय दिसते ते खरे मानायचे, ही सवय त्यांना लागली ती बहुधा तेथेच.

१८५१ मध्ये ते पुण्यास अध्यापक म्हणून आले. ज्याचे पुढे डेक्कन कॉलेज झाले त्या पूना कॉलेजात त्यांनी गणित आणि पदार्थविज्ञान शिकवले. मराठीत अंकगणितावर व पदार्थविज्ञानावर शालोपयोगी पुस्तके लिहिली. १८७७ मध्ये त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली आणि १८७९ मध्ये ते निवृत्त झाले. बाळ गंगाधर टिळक त्यांच्या वर्गात बसले ते या अखेरच्या वर्षांत. नोकरीचा हा आलेख सरळ आहे आणि त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. सांगण्यासारखे आहे ते त्यांनी शिकवण्याखेरीज, घरी बसून केलेल्या आकडेमोडीत.

ते समजायचे तर त्या काळचे पंचांग कसे होत असे ते थोडे पाहिले पाहिजे. महाराष्ट्रातले जोशी पंचांग करीत ते गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथावरून. गणेश दैवज्ञ नांदगावचे, म्हणजे केरोपंतांच्याच किनाऱ्यावरचे. त्यांनी हा ग्रंथ शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० मध्ये केला. त्यात मोठी खुबी होती. पूर्वीच्या ग्रंथांत कल्पारंभापासूनचे दिवस मोजावे लागत आणि आकडे कोट्यवधींच्या घरात जात. गणेशांनी अकरा अकरा वर्षांची, ४०१६ दिवसांची चक्रे पाडली आणि आकडे लहान केले. ज्या काढण्याचे अवघड गणितही टाळले. तिथी झटपट काढण्यासाठी त्यांनी वेगळी कोष्टके करून ठेवली. साधारण बुद्धीचा जोशीही पाटीवर वर्षाचे पंचांग काढू शके. शिवाय हा ग्रंथ कोणाच्या मालकीचा नव्हता. ज्याला हवा त्याने उतरून घ्यावा, वापरावा, त्यात भर घालावी. शेकडो वर्षे हे चालले, आणि त्याबद्दल कोणी कोणाला काही दिले नाही.

पण फुकटच्या वस्तूला एक खोट असते. ती सगळ्यांची असते, म्हणून तिची डागडुजी कोणाच्याच अंगावर नसते. ग्रहलाघव झाले तेव्हा ते आकाशाशी जुळत होते. तीनशे वर्षांत फरक साचत गेला. पंचांगात ग्रह एके ठिकाणी आणि आकाशात दुसरीकडे, असे होऊ लागले. चंद्राचे तर विशेषच. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे गेला की एक तिथी होते, म्हणजे सगळ्या तिथ्या चंद्राच्या गतीवर अवलंबून. आणि चंद्र हा आकाशातला सर्वांत लहरी प्रवासी. पंचांगी गणितात त्याच्या मध्यम गतीला एकच मुख्य संस्कार करीत. युरोपातल्या गणितात सूर्याच्या ओढीमुळे होणारे आणखी पुष्कळ संस्कार होते; त्यांपैकी एकच सव्वा अंशापर्यंत जातो. परिणामी पंचांगातली तिथी संपण्याची वेळ आणि खरी वेळ यांत काही तासांचेही अंतर पडे. ज्यांना घड्याळ नव्हते त्यांना हे कळणे शक्य नव्हते. केरोपंतांना कळत होते.

केरोपंतांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. युरोपीय ज्योतिष्यांनी केलेल्या कोष्टकांच्या आधारे तो रचलेला होता. त्याला नुसते भाषांतर म्हणणे मला अन्यायाचे वाटते. परदेशी कोष्टके परदेशी मध्यान्हरेषेवर बसवलेली, त्यांच्या तारखांवर चालणारी आणि वसंतसंपातापासून मोजणारी. आपल्या जोश्याला हवे शक, अहर्गण, तिथी, नक्षत्र आणि निरयन राशी. एका व्यवस्थेतले गणित उचलून दुसऱ्या व्यवस्थेत असे बसवायचे की आतली अचूकता जाऊ नये आणि बाहेरून ते जोश्याच्या हाताला परके वाटू नये, हे ते काम. शिवाय ते मराठीत. गणेश दैवज्ञांनी जसा ग्रंथ सर्वांसाठी ठेवला तसाच हाही ठेवला गेला. ज्याला चार कृत्ये येतात त्याला तो वापरता यावा.

ग्रंथ झाला, पण ग्रंथाने पंचांग होत नाही. पंचांग दरवर्षी करावे लागते. वर्षातल्या प्रत्येक दिवसाची तिथी, नक्षत्र, योग, करण, शिवाय ग्रह, ग्रहणे, संक्रांती. मग ते छापायचे, प्रुफे तपासायची, विकायचे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शके १७५३ मध्ये, म्हणजे १८३१ च्या सुमारास शिळाप्रेसवर पंचांग छापले तेव्हापासून पंचांग हा बाजारातला माल झाला होता. स्वस्तात छापलेले जुन्या गणिताचे पंचांग दारात येत असता नव्या गणिताचे पंचांग कोण घेणार? येथे आबासाहेब पटवर्धन पुढे आले. त्यांना ज्योतिषाची मनापासून आवड होती. त्यांच्या उत्तेजनाने व साहाय्याने शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून केरोपंतांचे पंचांग निघू लागले. ज्याने गणित केले त्याचे नाव पंचांगाला नाही. ज्याने आधार दिला त्याचे आहे. ते ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणूनच ओळखले गेले. यात केरोपंतांचा मोठेपणा दिसतो हे खरे. पण शास्त्राचे एवढे मोठे काम एका गृहस्थाच्या आवडीवर उभे होते, हेही त्याच नावावरून दिसते.

थोडे विषयांतर करतो. आमच्या महाविद्यालयात संगणकाच्या तासाला सरांनी एक गोष्ट सांगितली, ती ऐकताना मला सारखे केरोपंतच आठवत होते. शास्त्रज्ञांना आकडेमोडीसाठी लागणारी नमपाय नावाची एक आज्ञावली आहे. ती कोणालाही फुकट घेता येते आणि तिच्या आत काय लिहिले आहे तेही कोणालाही वाचता येते, सुधारता येते. तिची पहिली पक्की आवृत्ती २००६ मध्ये निघाली. कितीतरी देशांतल्या प्रयोगशाळा आणि वेधशाळा तिच्यावर चालू लागल्या. पण तिच्या देखभालीसाठी पहिले मोठे थेट अनुदान मिळाले ते २०१७ मध्ये. तोवरचा गाडा बहुतेक प्राध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या फावल्या वेळावर चालला. दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राला कळेल अशा रूपात उतरवणारा जो असतो त्याला कंपायलर म्हणतात. कंपायलर बदलला किंवा खालचा पाया बदलला की काल बिनचूक चालणारी जुनी आज्ञावली आज चालेनाशी होते, मग तिचे गणित कितीही बरोबर असो. २०२४ मध्ये नमपायची दुसरी मोठी आवृत्ती आली तेव्हा तिच्यावर बांधलेल्या कितीतरी आज्ञावली पुन्हा कंपायलरमधून काढाव्या लागल्या. केरोपंतांना संगणक ठाऊक नव्हता, पण दुखणे हेच होते. नव्या गणिताखालचा पाया, म्हणजे लोकांचा धर्मशास्त्राचा व्यवहार, जुन्या गणितावर बांधलेला होता.

याचे एक चांगले उदाहरण तिथीच्या लांबीचे आहे. तिथी सरासरी साठ घटकांच्या जवळपास असते. जुन्या गणितात ती फार तर पाच घटकांनी वाढे आणि सहा घटकांनी घटे. याला ‘बाणवृद्धी रसक्षय’ म्हणत. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. एकादशी कोणत्या दिवशी धरायची, श्राद्ध कोणत्या दिवशी करायचे, याचे निर्णय शास्त्रकारांनी हीच मर्यादा मनात धरून बसवलेले. नव्या सूक्ष्म गणितात तिथी सात घटकांपर्यंत वाढते आणि दहापर्यंत घटते. मग जुने निर्णय काही ठिकाणी लागूच पडेनात. शास्त्रीमंडळींनी विरोध केला तो केवळ आडमुठेपणाने केला असे मी म्हणणार नाही. त्यांच्या बाजूने पाहिले तर आकाश बरोबर झाले होते आणि ग्रंथ मोडला होता.

तरी हे तासांचे भांडण होते. खरा घोळ झाला तो चार अंशांचा, आणि याच भागापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. आपले राशिचक्र कोठून मोजायचे, हा प्रश्न. जुन्या ग्रंथांत रेवतीचा तारा आरंभस्थानाजवळ सांगितला आहे आणि चित्रेचा तारा त्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर. केरोपंतांनी रेवतीचा तारा प्रमाण मानला. मीन राशीतला हा एक अगदी मंद तारा आहे. त्यावरून वसंतसंपात आणि आरंभस्थान शके ४९६ मध्ये एकत्र होते असे निघते. ग्रहलाघवाप्रमाणे ते शके ४४४ मध्ये एकत्र होते, आणि पुढे दर वर्षी एक कला वाढवीत जायचे. १८६५ साठी हिशेब मांडला तर ग्रहलाघवी अयनांश २२ अंश २३ कला येतात आणि केरोपंतांचे सुमारे १८ अंश. फरक चार अंशांहून थोडा जास्त. सूर्य दिवसाला सुमारे एक अंश चालतो. म्हणजे केरोपंतांच्या पंचांगात प्रत्येक संक्रांत चारेक दिवस आधी.

संक्रांत चार दिवस आधी झाली तर तिळगूळ चार दिवस आधी वाटू, असे कोणी म्हणेल. पण अधिक मास संक्रांतीवर ठरतो. ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक. चार दिवसांच्या सरकण्याने काही वर्षी अधिक मासच दुसरा येतो, आणि मग सण सबंध महिन्याने हलतात.

माझे गाव बोदलकसा, तिरोडा तालुक्यातले. बाहेरचे लोक आमच्याकडे तलाव आणि जंगल पाहायला येतात. मध्य प्रदेशची सीमा जवळ असल्याने आमच्याकडे एका घरात मराठी कालनिर्णय टांगलेले असते तर शेजारी जबलपूरचे हिंदी पंचांग. मराठी पंचांगाप्रमाणे पोळा श्रावण अमावास्येला. हिंदी पंचांगाप्रमाणे तीच भादोची अमावस, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. लहानपणी मला हे कोडे वाटे. पण त्यामुळे कोणाचे बैल घरी राहिले नाहीत. नाव वेगळे, दिवस तोच. केरोपंतांच्या पंचांगाने उलटे केले: नाव तेच, दिवस वेगळा. २०२३ साली अधिक श्रावण होता आणि पोळा १४ सप्टेंबरला आला. सिंह संक्रांत १७ ऑगस्टला होती, अमावास्या १६ ला. म्हणून तो महिना संक्रांतीवाचून राहिला. केरोपंतांच्या रीतीने संक्रांत चार दिवस आधी धरली तर ती १३ ऑगस्टच्या सुमारास, अमावास्येच्या आतच पडते. मग तो श्रावण अधिक राहत नाही, निज होतो, आणि पोळा येतो १६ ऑगस्टच्या आसपास, रोवणी जेमतेम उरकत असताना. गावातल्या एका घराने १६ ऑगस्टला बैल सजवले आणि बाकीच्यांनी १४ सप्टेंबरला, तर तोरणाखाली बैल उभे करायचे कोणी? पोळा एकट्याने करायचा सण नव्हे. पंचांग शुद्ध आहे हे त्या घराला पटले असले तरी ते घर चार लोकांबरोबरच जाणार. माझ्या आजीला अक्षरओळख नाही, पण पोळा कधी ते तिला कोणाला विचारावे लागत नाही. बाजारात झुली आणि मटाट्या दिसू लागल्या की तिला कळते.

मग केरोपंत चुकले का? मला तसे म्हणवत नाही. रेवती शून्यावर आणि चित्रा १८० वर, ही दोन्ही विधाने आकाशात एकदम खरी होतच नाहीत. त्या दोन ताऱ्यांत सुमारे १८४ अंशांचे अंतर आहे. ग्रंथानेच दोन वाटा दाखवल्या होत्या. केरोपंतांनी रेवती घेतली, कारण आरंभस्थानाचा तारा तोच. तर्काला हे धरूनच होते. पण दुसरी वाट घेतली असती तर, हे मनात आल्यावाचून राहत नाही. चित्रेवरून मोजले तर १८६५ चे अयनांश २२ अंशांच्या जवळ येतात, म्हणजे रूढ पंचांगापासून अर्ध्या अंशाच्या आत. गणित नवे, अचूक, आणि अधिक मास बहुतेक जुनाच. लोकांना बदल झाला हे कळलेही नसते. पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी हीच चित्रेची वाट धरली. केतकर शाळामास्तर, त्यांनीही संस्थेच्या बळावाचून, ‘ज्योतिर्गणित’ रचून पंचांगकर्त्यांच्या हाती नवी कोष्टके दिली. केरोपंतांच्या अनुभवावर केतकर उभे होते हेही विसरता कामा नये. चार अंशांनी काय होते ते पटवर्धनी पंचांगाने दाखवून दिले होते.

केरोपंतांना विरोध जुन्या मंडळींचाच झाला असे नाही. विसाजी रघुनाथ लेले यांचे म्हणणे असे की रेवती नको आणि चित्राही नको. पंचांग ऋतूंशी बांधलेले, म्हणजे सायन असावे. त्यांचा व केरोपंतांचा वाद झाला. एका बाजूने शास्त्री म्हणत, फार बदललेत. दुसऱ्या बाजूने लेले म्हणत, पुरते बदलले नाहीत. सुधारकाची अशी दोन्हीकडून ओढाताण आपल्याकडे नवी नाही. लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे सायन पंचांग शके १८०६ मध्ये, म्हणजे १८८४ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी १९ मार्च रोजी केरोपंतांचे निधन झाले. दीक्षितांनी सायन पक्षाचे असूनही आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ च्या ग्रंथात केरोपंतांच्या कामाची नोंद आदराने घेतली आहे. आपल्याला आज जी माहिती मिळते तिचा मोठा भाग दीक्षितांमुळेच.

केरोपंतांच्या मागे त्यांच्या चिरंजीवांनी पंचांग काही काळ चालवले. आश्रयदाता गेला, गणिती गेला, तरी ते बंद पडले नाही, ही साधी गोष्ट नव्हे. पण ते घरोघर गेले नाही. पंचांगशोधनासाठी १९०४ मध्ये मुंबईत परिषद भरली, पुढेही भरल्या, आणि टिळकांनी त्यांत मनापासून भाग घेतला. गुरूचा रेवतीपक्ष टिळकांनी सोडला नाही. त्यातूनच टिळक पंचांग निघाले.

स्वातंत्र्यानंतर पंचांगाचा खर्च प्रथमच सरकारने उचलला. १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि २२ मार्च १९५७ पासून, शके १८७९ च्या चैत्र १ पासून, राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. त्याचे गणित सरकारी ज्योतिर्गणित केंद्रात पगारी माणसे करतात आणि ते अनेक भाषांत छापले जाते. तिथ्यांसाठी समितीने सूक्ष्म गणित घेतले, म्हणजे ज्याकरिता केरोपंत झिजले तेच. आणि आरंभस्थान घेतले ते चित्रेचे. आता भिंतीवरच्या बहुतेक पंचांगांत गणित नवे आणि अधिक मास जुन्या वळणाचा, अशी तडजोड आहे. टिळक पंचांगही अजून निघते, आणि कोकणात व इतरत्र काही घरे ते निष्ठेने पाळतात. २०२३ साली त्या घरांत गणपती बसले २० ऑगस्टला. बाकीच्या महाराष्ट्रात ते १९ सप्टेंबरला आले.